शिष्य आणि शास्त्र : नंदुरबारकडील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातील एक प्रकरण

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी पेशाने प्राथमिक शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व पुढे शिक्षकाच्या पदविकेचे. इतिहाससंशोधक म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाही. तथापि सारा जन्म मुलांना अक्षरे शिकविण्यात गेल्यामुळे एका गोष्टीविषयी मला नेहमी कुतूहल वाटत आले. आपल्या आजे-पणज्यांच्या हाती पहिले पुस्तक कसे आले आणि ते वाचणारा माणूस कसा घडला, ही ती गोष्ट. तिच्यातील एक प्रकरण, म्हणजे ख्रिस्ती मंडळीतील पुरुषांचे शास्त्राध्ययन, यथामति मांडण्याचा येथे प्रयत्न करीत आहे.

विषय ख्रिस्ती मंडळीचा आहे, मग तो समाजाच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न एखादा बांधव करील. त्यास माझे उत्तर असे की, नवापूर तालुक्यातील कोणतेही गाव घ्या. एकाच भाऊबंदकीत एका भावाच्या घरी डोंगऱ्या देवाचे व्रत असते आणि दुसऱ्या भावाच्या घरी रविवारी उपासनेस जाण्याची तयारी चालते. आडनाव एक, बांध एक, लग्नाचा मांडवही एक. देवाची भक्ती ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेनुसार करावी. मात्र आपल्यातील काही माणसे पुस्तक उघडून बसली आणि इतरांना शिकवू लागली, हा इतिहास दोन्ही भावांच्या मालकीचा आहे.

हा विषय आजच हाती घेण्यास आणखी एक कारण आहे. आमच्या मंडळीत रविवारी स्त्रियांची बाजू भरलेली असते आणि पुरुषांची बाजू अर्धी रिकामी. पाळकसाहेब परगावचे, त्यांच्याकडे पाच-सहा गावे. ते आले नाहीत, तर त्या दिवशी शास्त्र उघडून दोन शब्द सांगणारा पुरुष शोधावा लागतो. चाळीस वर्षांपूर्वी अशी माणसे आमच्या एका फळीत चार होती, आणि त्यांपैकी कोणी सातवीच्या पुढे गेलेला नव्हता. आज पदवीधर पुष्कळ आहेत, आणि शास्त्र उघडणारा नाही. असे का झाले, याचा उलगडा व्हावा म्हणून मी मागे वळून पाहू लागलो.

प्रथम 'शिष्य' या शब्दाविषयी. आपल्या देशात हा शब्द नवा नाही. गुरूच्या पायाशी बसून, त्याची सेवा करून, त्याच्या मुखातून विद्या घेणारा तो शिष्य. नव्या करारातील शिष्यही प्रारंभी असेच होते. कोळी, जकातदार अशी ती साधी माणसे आपल्या गुरूबरोबर गावोगाव हिंडत आणि चालता चालता शिकत. पुढे अनेक शतके शास्त्राचे अध्ययन मुख्यतः धर्मगुरूंच्या व मठांच्या हाती राहिले. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथर याने ही स्थिती बदलण्याचा निर्धार केला. १५२२ साली त्याने नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला. प्रत्येक विश्वासणारा हा देवापुढे याजकच आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. हे मान्य केले की एक जबाबदारी अंगावर येते. याजक व्हावयाचे तर शास्त्र कळले पाहिजे, आणि ते कळावयाचे तर वाचता आले पाहिजे. प्रॉटेस्टंट मंडळी जेथे जेथे गेली तेथे तेथे तिच्यामागून शाळा गेली, त्याचे मूळ येथे आहे.

आता वाचकांस थोडे दूर, स्वीडन देशात न्यावयाचे आहे. कारण आपल्याकडे आलेल्या मिशनची नाळ त्या देशाशी जुळलेली आहे. स्वीडनमध्ये १६८६ सालच्या धर्मविषयक कायद्याने प्रत्येकाला धर्मप्रश्नोत्तरे वाचता व समजता आली पाहिजेत असे ठरले. तेथील पाळक ठराविक काळाने घरोघर जाऊन धन्यापासून मोलकरणीपर्यंत सर्वांची परीक्षा घेत आणि निकाल वहीत नोंदवीत. त्यामुळे असा चमत्कार झाला की, पुष्कळ शेतकऱ्यांना लिहिता येत नसे, पण वाचता मात्र येई. पुढे हेच वाचणारे शेतकरी आपापल्या घरी जमून शास्त्र वाचू लागले, तेव्हा राजसत्तेला ते रुचले नाही. १७२६ साली पाळकाच्या देखरेखीवाचून घरी धर्मसभा भरविण्यास कायद्याने बंदी झाली. ती बंदी १८५८ पर्यंत टिकली. त्या सुमारे एकशेबत्तीस वर्षांच्या काळात दंड व तुरुंगवास सोसूनही लोक वाचीत राहिले. त्यांना लोक 'वाचणारे' याच नावाने ओळखू लागले. केवळ वाचतो म्हणून एखाद्याला नाव पडावे, ही गोष्ट शिक्षकाच्या मनाला किती सुखावणारी आहे, हे मी काय सांगू!

अशा वातावरणात १८५२ साली स्वीडनमध्ये फ्रेडरिक फ्रान्सन याचा जन्म झाला. तो अमेरिकेत गेला, धर्मोपदेशक झाला आणि देशोदेशी हिंडला. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे त्याने तरुण-तरुणींचा एक अभ्यासवर्ग भरविला. वर्ग काही दिवसांचाच. त्यात मोठे ग्रंथ नव्हते. शास्त्र उघडावयाचे, प्रश्न करावयाचे, उत्तर शास्त्रातच शोधावयाचे आणि मग कामास निघावयाचे. या वर्गातून जी संस्था उभी राहिली, ती स्कँडिनेव्हिअन अलायन्स मिशन. १९४९ साली तिने नाव बदलून 'दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन' असे घेतले. फ्रान्सन १९०८ साली वारला. मिशनचे कार्य मात्र पुढे जुन्या पश्चिम खानदेशात रुजले. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावातील दोन अक्षरे आजही त्या उत्तरेकडच्या परंपरेची आठवण देतात. चिंचपाडा येथे १९४२ साली सुरू झालेला दवाखाना तर आपल्यातील कित्येकांच्या जन्माचे ठिकाण आहे. पुढे तो १९७० साली स्थापन झालेल्या इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनच्या व्यवस्थेखाली गेला.

स्वीडनकडचा धागा हा असा. दुसरा धागा आपल्या मराठी मुलखातला, आणि तो त्याहून जुना आहे. विल्यम कॅरी हा इंग्लंडातला एक चांभार. जोडे शिवता शिवता त्याने स्वतःच्या बळावर अनेक भाषा आत्मसात केल्या. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे राहून त्याने मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली प्रसिद्ध केला. मराठीच्या कामी त्याला वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. १८११ साली नवा करार मराठीत निघाला. कॅरी व त्याचे सोबती मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ साली श्रीरामपूरला महाविद्यालय काढले. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते; म्हणून १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्या महाविद्यालयास पदव्या देण्याची सनद दिली. आज भारतातील पुष्कळ ईश्वरविज्ञान विद्यालयांच्या पदव्या याच श्रीरामपूरच्या सनदेखाली मिळतात.

इकडे मुंबईस १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक उतरले. १८३१ साली त्यांनी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे ठाणे केले. १८४२ साली तेथे 'ज्ञानोदय' पत्र निघाले. १८५४ साली हरिपंत ख्रिस्ती (मूळचे खिस्ती) आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ही घटना लहान वाटेल. पण परक्या देशातून आलेली मंडळी देशी माणसाच्या हाती सोपविण्याचा तो आरंभ होता. १८७८ साली तेथेच ईश्वरविज्ञानाचे विद्यालय स्थापन झाले. त्या जिल्ह्यातील खेड्याखेड्यांत शाळामास्तर आणि उपदेशक हे एकच गृहस्थ असत. सकाळी मुलांना बाराखडी, संध्याकाळी मोठ्यांना शास्त्र, असा त्यांचा क्रम.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव येथे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो त्यांनी कोणत्याही शिक्षकावाचून, एकट्याने, शंका काढीत काढीत वाचला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरच्या विद्यालयात त्यांनी शिकविलेही. परंतु आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तेथे एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ साली त्यांचे निधन झाल्यामुळे तो दरबार वाढला नाही. तथापि एक प्रश्न त्यांनी आपल्यासमोर ठेवला. शिष्य कोठे घडतो, विद्यालयाच्या भिंतीत की माणसांच्या संगतीत? माझ्या या लेखाचा प्रश्नही तोच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी तो पश्चिम खानदेशाचा भाग, आणि १९०६ च्या पूर्वी अखंड खानदेशाचा. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्याकडील म्हाताऱ्यांच्या तोंडी 'छप्पन्नचा काळ' या नावाने राहिला. कारण तो संवत १९५६ मध्ये पडला. त्याच सुमारास तापी खोऱ्यातील आगगाडी सुरतेकडून नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार या वाटेने पूर्वेस गेली. उपासमार आणि आगगाडी या दोन गोष्टींनी आपला डोंगराळ मुलूख बाहेरच्या जगाशी जोडला गेला. त्या जोडलेल्या वाटेने सावकार आला, जंगलखात्याचा शिपाई आला आणि पुस्तक घेतलेला उपदेशकही आला.

अहमदनगरकडचा माणूस आणि आपल्याकडचा माणूस यांच्यात एक मोठा फरक होता. त्याची मातृभाषा मराठी होती. आपल्या घरात मावची, कोकणी, वसावी, पावरी अशा बोली. मराठी ही बाजाराची व कचेरीची भाषा. म्हणून आपल्याकडच्या शिष्याला तीन पायऱ्या चढाव्या लागल्या. आधी अक्षर, मग मराठी, मग शास्त्र. माझे आजोबा या तीन पायऱ्या चढले होते. ते तरुणपणी सालदार होते. दिवसभर मालकाचे औत हाकावयाचे आणि रात्री उपदेशकाच्या ओसरीवर चिमणीच्या उजेडात पाटी घेऊन बसावयाचे, असे त्यांनी तीन पावसाळे काढले. पावसाळाच का, तर थंडीच्या दिवसांत उपदेशक तंबू घेऊन गावोगाव फिरतीवर असे, आणि नदीनाल्यांना पूर आला की तो एका जागी स्थिर राही. आजोबा म्हणत, "पाऊस पडला की शेतात भात उगवायचे आणि ओसरीवर अक्षर."

त्यांच्या शिकण्याची रीत मला वडिलांकडून कळली. उपदेशक मराठीतून एक उतारा वाची. मग प्रत्येकाने तो पुस्तक मिटून आपल्या बोलीत सांगावयाचा. जो शब्द बोलीत सापडत नसे, त्यावर चर्चा होई. 'कृपा' या शब्दाला आपल्या बोलीत काय म्हणावे, यावर म्हणे एक अख्खी रात्र गेली. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितले की, दुष्काळात देणे असलेल्या माणसाला सावकाराने न मागता धान्य दिले तर जे वाटेल ते. त्यावर दुसरा म्हणाला, "असा सावकार आम्ही पाहिला नाही, म्हणून शब्द नाही." सगळे हसले, पण अर्थ कळला. ईश्वरविज्ञानाचे मोठे ग्रंथ मी पुढे थोडेफार चाळले. कृपेची याहून सोपी फोड मला त्यांत आढळली नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. आपल्या समाजाला जाग आणणारा प्रवाह एकच नव्हता. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेत व खानदेशच्या सीमेवर 'देवी'ची चळवळ उठली. लोकांनी दारू व मांस सोडले, अंघोळ व स्वच्छता यांचा नेम धरला. त्यानंतर तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुला महाराजांनी हजारो आदिवासींना व्यसनमुक्तीची व परस्परांना आदराने वागविण्याची दीक्षा दिली. १९३८ साली ते निवर्तले, तरी त्यांचा मार्ग टिकला. या मार्गांत भजन, आरती व सत्संग होता. मंडळीत वाचन होते. कोण श्रेष्ठ हा वाद मला घालावयाचा नाही. परंतु तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. जेथे माणसे आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसून एकमेकांची चौकशी करीत राहिली, तेथे सुधारणा टिकली. जेथे ते बसणे मोडले, तेथे दारू परत आली.

याच तत्त्वाचे उदाहरण इंग्लंडच्या इतिहासातही आहे. जॉन वेस्ली याच्या अनुयायांवर ब्रिस्टल शहरातील सभागृहाचे कर्ज झाले होते. १७४२ साली असे ठरले की प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी, आणि बारा-बारा माणसांमागे एकाने ती घरोघर जाऊन गोळा करावी. गोळा करणारे घरी जाऊ लागले, तेव्हा कोणाचे भांडण, कोणाचे व्यसन, कोणाचे आजारपण त्यांच्या नजरेस पडले. वर्गणीसाठी केलेली सोय बघता बघता शिष्यत्वाची शाळा झाली. त्या बारा माणसांचा प्रमुख बहुधा मजूर किंवा कारागीर असे. अशा लहान लहान वर्गांनी तेथील सामान्य माणसाला सभेत बोलावयास, हिशेब ठेवावयास आणि दुसऱ्याचे ऐकून घ्यावयास शिकविले.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडील मंडळीपुढे नवा प्रसंग आला. परदेशी धर्मोपदेशकांना या देशात येण्याचा परवाना मिळणे हळूहळू अवघड होत गेले. जे होते ते वृद्ध होऊन परत गेले. बंगले, शाळा, दवाखाना, जमिनी मागे राहिल्या. पण उपदेशकांची जागा कोणी घ्यावयाची? निरनिराळ्या इव्हँजेलिकल मिशनांच्या सहकार्याने १९५३ साली यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली, ती अशाच गरजेपोटी. १९८३ साली ती पुण्यास बिबवेवाडीत गेली. ईश्वरविज्ञानाच्या उच्च शिक्षणात तिने मोठे कार्य केले आहे, आणि तिच्यासारख्या विद्यालयांतून विद्वान माणसे निघाली. विद्वत्तेची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा जाणणारे कोणीतरी असलेच पाहिजे. नाही तर ज्याला जे सुचेल तोच अर्थ, असे व्हावयाचे.

परंतु उच्च शिक्षणाची भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजी झाली, आणि येथे आपल्या मुलांची वाट अडली. याचा अनुभव मला स्वतःला आहे. १९७५ साली मी मॅट्रिक झालो. पुढे तीन वर्षांनी, वडिलांच्या इच्छेवरून, परप्रांतातील एका धर्मशिक्षण संस्थेत प्रवेशासाठी गेलो. दोन दिवसांचा प्रवास, वडिलांनी बकरी विकून दिलेले भाडे, आणि हातात पाळकसाहेबांची चिठ्ठी. तेथील गृहस्थांनी मला इंग्रजीतून चार प्रश्न विचारले. मला दोन समजले; उत्तर एकाचेच देता आले. ते सौम्यपणे म्हणाले की, इंग्रजी सुधारून पुढच्या वर्षी या. त्यांच्या बोलण्यात अपमान नव्हता. पण मला जे येत होते, म्हणजे आजोबांच्या रीतीने उतारा ऐकून तो मावचीत सांगणे, त्याविषयी त्यांनी काही विचारले नाही. त्याची तेथे परीक्षाच नव्हती.

घरी आलो तेव्हा वडील नांगर दुरुस्त करीत होते. मी सर्व हकिकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "शास्त्र घेऊन गेला होतास ना? मग ते तर परत आणलेस." त्या वेळी मला त्या बोलण्याचा रागच आला. पुढे मी शिक्षकाची पदविका घेतली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो.

त्याच सुमारास आमच्या शेजारच्या गावातील एक हुशार तरुण अशाच एका विद्यालयात प्रवेश मिळवून गेला. पदवी मिळाली. सर्व मंडळीने वर्गणी काढून त्याला पाठविले होते, म्हणून सर्वांना अभिमान वाटला. तो मोठ्या शहरात कामास लागला, तेथेच संसार थाटला, आणि वर्षातून एकदा नाताळात गावी येऊ लागला. पुढे तेही थांबले. मी त्याला दोष देत नाही. सात वर्षे दुसऱ्या भाषेत विचार केल्यावर आपल्या फळीतील म्हाताऱ्याशी काय बोलावे, हे त्याला सुचेनासे झाले होते. हे दुःख त्याने स्वतःच मला सांगितले.

आमच्याच नशिबी हे आले असे मला पुष्कळ वर्षे वाटे. पुढे वाचनातून कळले की, जगाच्या दुसऱ्या टोकास, ग्वाटेमाला देशात, हेच घडले होते. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीचे विद्यालय राजधानीत होते. खेड्यातील मुले तेथे शिकण्यास जात आणि फार थोडी पाळकपणात टिकत. शेवटी विद्यालय राजधानीतून ग्रामीण भागात हलविण्यात आले. आणि १९६३ च्या सुमारास त्याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. विद्यार्थ्याने घर, शेत व नोकरी न सोडता स्वाध्यायपुस्तकावर अभ्यास करावा आणि शिक्षकाने आठवड्यातून एकदा त्याच्या परिसरात जाऊन वर्ग घ्यावा, अशी योजना झाली. तिचा एक अनपेक्षित लाभ असा की, गावात ज्यांना आधीच मान आहे असे संसारी, पोक्त पुरुष शिकू लागले. ही रीत अनेक देशांत पसरली. भारतात तिच्यासाठी १९७१ साली 'टॅफ्टी' या नावाने ओळखली जाणारी संस्था बंगळुरास स्थापन झाली. ब्रुकलिनचा काही दिवसांचा वर्ग, स्वीडनच्या शेतकऱ्याचे घर आणि आजोबांची ओसरी ही सगळी मला या योजनेत पुन्हा भेटली.

१९८४ च्या पावसाळ्यात आम्ही आमच्या फळीत असा एक वर्ग सुरू केला. आम्ही पाच पुरुष होतो. मी शिक्षक, एक आगगाडीवरील गँगमन, दोन शेतकरी आणि एक निरक्षर वृद्ध. साधन म्हणजे मराठी शास्त्र, टपालाने आलेली स्वाध्यायपुस्तके व एक कंदील. नियम तीनच होते. उतारा वाचून तो बोलीत सांगावयाचा. त्या आठवड्यात त्यातील काय आचरणात आले व काय आले नाही, ते खरे सांगावयाचे. आणि शिकलेले घरी बायकोला व मुलांना सांगितल्यावाचून पुढच्या धड्यास हात घालावयाचा नाही. तिसरा नियम त्या निरक्षर वृद्धाने घातला. तो म्हणे, "मला वाचता येत नाही, म्हणून मला सांगावेच लागते. तुम्ही वाचता, म्हणून तुम्ही गप्प बसता." या वृद्धाला मार्ककृत शुभवर्तमानातील बहुतेक प्रसंग क्रमाने मुखोद्गत झाले होते. पुढे पाळकसाहेब नसतील त्या रविवारी तोच उभा राहू लागला.

दुसऱ्या नियमाची एक हकिकत सांगतो. गँगमन एके रात्री म्हणाला की, त्याने पगाराच्या दिवशी दारू घेतली आणि घरी हात उगारला. कोणी उपदेश केला नाही. पुढच्या पगाराच्या दिवशी आमच्यातील एक शेतकरी स्थानकावर जाऊन त्याची वाट पाहत उभा राहिला आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत आला. असे सात महिने चालले. आठव्या महिन्यात गँगमन म्हणाला, "आता येऊ नकोस, मी एकटा येतो." शिष्यत्व म्हणजे काय असे मला कोणी विचारले, तर मी हा सात महिन्यांचा रस्ता दाखवीन.

स्त्रियांविषयी लिहिल्यावाचून हे प्रकरण अपुरे राहील. शास्त्राभ्यास म्हणजे पुरुषांची मिरास, असा समज आपल्यात अजून आहे. त्यांना एवढेच स्मरण देतो की, हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरविण्याचे काम केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी केले. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. आमच्या वर्गातही तिसऱ्या नियमामुळे असे झाले की, दोन वर्षांत आमच्या बायकांचे प्रश्न आमच्यापेक्षा अवघड येऊ लागले. आज रविवारी त्यांची बाजू भरलेली असते, त्याचे एक कारण हेही असेल. मग पुरुषांचीच बाजू रिकामी का?

माझ्या मते याची कारणे दोन. पहिले पोटाचे. दिवाळी झाली की आमचे तरुण ऊसतोडीस गुजरातेत जातात ते उन्हाळ्यात परततात. आमचा वर्ग याच कारणाने मोडला. १९९६ नंतर तो सलग चालला नाही. दुसरे कारण मनाचे. शास्त्र शिकणे हे पगारी पाळकाचे काम, आपण वर्गणी दिली की झाले, असे आम्ही समजू लागलो. परदेशी मिशनरी होते तेव्हा सर्व भार त्यांच्यावर टाकला. ते गेले तेव्हा पाळकांवर टाकला. ल्यूथरने ज्या गोष्टीसाठी एवढा झगडा केला, ती आम्ही आळसाने परत करून टाकली. या दोषात मीही वाटेकरी आहे. बदली झाली त्या गावी मी नवा वर्ग सुरू करू शकलो असतो, केला नाही.

म्हणून समाजबांधवांपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, ज्यांच्या घरी जुन्या उपदेशकांच्या वह्या, पत्रे, हिशेब असतील त्यांनी ते वाळवीच्या तोंडी न देता जपून ठेवावेत आणि म्हाताऱ्यांकडून त्यांच्या शिकण्याच्या हकिकती लिहून घ्याव्यात. दुसरी, समाजाच्या वा मंडळीच्या वर्गणीतून जो तरुण उच्च शिक्षणास जाईल, त्याने सुटीत गावी येऊन निदान दोघांना शिकवावे, अशी अट प्रेमाने घालावी. तिसरी, ऊसतोडीच्या तळावरही पाच माणसांचा वर्ग चालू शकतो. आता खिशातल्या यंत्रात शास्त्र सामावते, बोलींतील भाषांतरे व ध्वनिमुद्रणेही मिळतात. कंदिलाचीही गरज उरली नाही. गरज आहे ती एकाने दुसऱ्याला "काल वाचलेस का?" असे विचारण्याची.

वडील वारून आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या त्या वाक्याचा राग कधीच गेला. मी परत आणलेले ते शास्त्र, पाठीला नवा कापडी पुठ्ठा लावून, अजून माझ्याजवळ आहे. गेल्या पावसाळ्यात माझा नातू व त्याचे दोन मित्र ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "आजोबा, आम्हाला मावचीत सांगा." मी म्हणालो, "मी वाचतो, सांगावयाचे तुम्ही." तिघांपैकी एकाच्या घरी डोंगऱ्या देवाचे व्रत असते. तोही ऐकावयास बसला होता, आणि उतारा सर्वांत चांगला त्यानेच सांगितला. येत्या पावसाळ्यात हे तिघे पुन्हा आले तर वर्ग पुन्हा सुरू झाला असे मी समजेन.